पणजोबांनी पाहिलेले दगड

आमच्या घराण्यात फुशारकी मारण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती मी जर्मनीत, ब्राउनश्वाइगपर्यंत आणली. माझे पणजोबा इंग्रजांच्या काळात मोजणीदार होते. आखातातल्या दोन शेजारी शेखांची एका ओसाड बेटावरून जुंपली, तेव्हा चौकशीला जो साहेब बोटीने गेला, त्याच्या हाताखाली ते होते. एक शेख म्हणे, बेट माझं, माझ्या वडिलांनी तिथे हद्द घातली आहे. दुसरा म्हणे, माझी माणसं दर हिवाळ्यात मासेमारीला तिथे जाऊन राहतात, म्हणून माझं. बेट मिळालं पहिल्याला, आणि ते आमच्या पणजोबांमुळे मिळालं, असं आमच्याकडे लग्नामुंजीत जेवणं झाली की सांगितलं जातं.

यंदाच्या वसंतात बाबा पुण्याहून माझ्याकडे राहायला आले. त्यांच्या नातीला मराठी समजतं, पण ती उत्तरं जर्मनमध्ये देते, त्यामुळे बाबा बोलायला माणूस नाही म्हणून कावले होते. एका रविवारी मी इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्याला जेवायला बोलावलं. तो माझ्या समोरच्या टेबलावर बसतो आणि त्या दुसऱ्या शेखाच्या मुलखातला आहे.

त्याला बोलावण्यामागे कारण होतं. हिवाळ्यात एकदा मेन्सामध्ये, म्हणजे आमच्या कँटीनमध्ये, जेवताना त्याने मला त्याच्या आजीचं सांगितलं होतं. ती लहान असताना घरची माणसं हिवाळाभर एका बेटावर मासे धरायला जात. एका वर्षी तिचा धाकटा भाऊ तिथे तापाने गेला, त्याला तिथेच पुरलं. पुढच्या हिवाळ्यात होड्या निघाल्या तर वाटेतच अडवलं, बेट आता शेजाऱ्यांचं झालंय, परत फिरा. त्यांच्यातलं कुणी पुन्हा तिथे गेलं नाही. आजी आता नव्वदीच्या पुढे आहे आणि अजून विचारते, माझ्या भावाचे दगड उभे आहेत का? "आमच्याकडे कबर म्हणजे उशाशी एक दगड, पायथ्याशी एक," तो म्हणाला होता. "नाव नाही, काही नाही." मी बटाटे खात "अरेरे, किती वाईट" म्हटलं. बेट तेच, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण डोक्यात आलं ते एवढंच, की केवढा योगायोग, बाबांना सांगितलं तर काय खूश होतील! पणजोबांच्या गोष्टीतले दगड आणि त्याच्या आजीचे दगड मी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. इंजिनिअर म्हणवते स्वतःला.

मसालेभात झाला, मठ्ठा झाला, आणि मीच म्हटलं, "बाबा, ते बेटाचं सांगा ना."

बाबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी बाह्या सावरल्या आणि इंग्रजीत सुरुवात केली. भर उन्हाळा, बेटावर चिटपाखरू नाही, साहेबाला बोट लागलेली, तो बोटीच्या काठाला ओणवा होऊन ओकतोय. पहिल्या शेखाचा नावाडी नुसता हात पसरून सांगतोय, सगळं आमचं. शेवटी पणजोबा धोतर खोचून पाण्यातून किनाऱ्यावर गेले. पाहतात तर वाळूत दगड रोवलेले, उभे, टेकडीपर्यंत. आमच्या गावी शेताच्या बांधावर चुना लावलेले असतात तसे. पणजोबांनी तिथूनच हाक मारली, "साहेब, हद्द सापडली! एवढे दगड उगाच कोण रोवतो?" साहेबाने तोंड पुसलं, म्हणाला, लिही, आणि पुन्हा ओणवा झाला.

"एका उलटीत बेट गेलं!" बाबा म्हणाले.

या जागी आम्ही हसतो. मी हसलेच. हसता हसता त्याच्याकडे लक्ष गेलं.

त्याने चमचा खाली ठेवला होता. "अंकल," तो म्हणाला, "ते दगड जोडीने होते का?"

"अगदी बरोबर! जोडीनेच." बाबांना वाटलं, पोराला गोडी लागली. "आजोबा म्हणायचे, काही जोड्यांत चांगलं पुरुषभर अंतर, काही अगदी हातभरावर. त्यातल्याच एकावर बसून त्यांनी दशम्या खाल्ल्या."

मी उठून पाण्याचा जग भरायला गेले. तो भरलेलाच होता.

परत आले तर सहकाऱ्याने मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला होता. "हे पुन्हा सांगाल? माझ्या आजीला पाठवायचंय." बाबांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. आता तरी मी थांबवायला हवं होतं. बाबा, तुमच्या आजोबांनी एका शेखाची मेलेली माणसं दुसऱ्याची हद्द म्हणून दाखवली, एवढं एक वाक्य. मराठीत सांगितलं असतं तर पाहुण्याला कळलंही नसतं. पण बाबा इतक्या दिवसांनी खुलले होते, आणि मी भित्री आहे. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, नावाड्याच्या पसरलेल्या हातांसकट. त्या जागी आल्यावर नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. मी हसले. पहिल्यापेक्षा मोठ्याने हसले.

निरोप द्यायला जिन्यापर्यंत गेले तेव्हा तो म्हणाला, "त्यांना सांगू नकोस. वय झालंय त्यांचं." मी मान हलवली. मला सॉरी म्हणायचं होतं आणि मी त्याला उरलेल्या भाताचा डबा दिला.

दोन दिवसांनी तो मेन्सामध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"आजीने ऐकलं. मी एकेक वाक्य थांबवून तिला सांगितलं. खूप रडली. उन्हाळ्यात कुणीतरी पाहिलं, दगड उभे होते, असं सगळ्या नातलगांना फोन करून सांगतेय."

माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि अशा वेळी मला हाच वाक्प्रचार सुचावा याची लाज वाटली.

"आल्झो," तो जर्मन लोकांसारखं म्हणाला, "तिने एक विचारलंय. मध्येच एक बाई हसते, ती कोण? काय सांगू तिला?"

"सांग, त्या बाईला माहीत नव्हतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "पण मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "इथेच बसून."

तो त्याचा ट्रे घेऊन उठला आणि जाताना माझा रिकामा ग्लासही घेऊन गेला.

संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे. "काय गं, ऐकली का त्याच्या आजीने आपली गोष्ट? आवडली?"

"खूप," मी म्हटलं.

आणि बाबा ते पुण्याला काकांना फोनवर सांगायला लगबगीने आत गेले.