न्हाणीतली मोट

कोणाच्याही घरी गेले की आबाजी आधी तांब्याभर पाणी मागत, आणि पिण्यापूर्वी त्यातलं थोडं जमिनीवर ओतून ते कुठल्या बाजूला पळतं ते पाहत बसत. आमच्या अमरावतीच्या घरात पाणी मोरीकडे जायचं सोडून उंबऱ्याकडे आलं. "मिस्त्रीनं फसवलं तुमाले," एवढं वडिलांना सांगून उरलेलं प्यायले. वडील कचेरीत हेडक्लार्क. त्यांना असं कोणी सांगितलेलं खपत नसे.

आबाजी आमच्या नात्यातले नव्हते. मोर्शीकडचे माळी, संत्र्याच्या बागेत उभा जन्म विहिरीवर बैलांची मोट हाकण्यात गेलेला. बाजाराला संत्री आणली की आमच्याकडे टेकत. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ते साधं बोलले तरी भांडतायत असं वाटे. आईला मात्र ते 'माय' म्हणत, आणि ते ऐकायला फार गोड लागे.

आईचं उजवं मनगट पडून मोडलं होतं आणि वैदूनं ते वाकडंच बसवलं होतं. कपडे घासणं कसंबसं जमे, पिळणं जमत नसे. लुगडं पिळायला रोज शेजारच्या काकूंना हाक मारायची. काकू येत, एक टोक धरत, आणि दुपारपर्यंत ते गल्लीभर सांगून येत.  हाक मारण्याआधी आई न्हाणीच्या दारात जरा वेळ नुसती उभी राही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि गोरे साहेब बदलून जाताना सामान लिलावात काढत. तिथून वडिलांनी कपडे धुण्याचं यंत्र आणलं. तीन पायांवर तांब्याचं मोठं पीप, डाव्या हातानंही हलेल असा दांडा, पिळायला दोन रबरी लाटणी आणि बुडाशी सांडपाण्याची नळी. ती नळी वडिलांनी मोरीच्या भोकात घालून भोवती चुना भरला. आम्ही बादल्या ओतत राहिलो आणि पीप कोरडं ते कोरडंच. चौथ्या दिवशी वडिलांनी यंत्र फुटकं ठरवलं. रविवारी मोडीत घालतो म्हणाले. आईनं पुन्हा काकूंना हाक मारली.

शनिवारी सकाळी आबाजी आले. यंत्राभोवती एक फेरी मारली, वाकून नळी पाहिली आणि बोटांनी चुना उकरायला लागले. वडील म्हणाले, "आबाजी, हे विलायती आहे."

"पानी त इथलंच हाय ना," आबाजी म्हणाले. नळी बाहेर ओढून तिचं तोंड त्यांनी पिपाच्या काठाहून वर, भिंतीतल्या खिळ्याला सुतळीनं बांधलं. "आता भर, माय."

पाणी राहिलं. आईनं डाव्या हातानं दांडा हलवला. कपडे स्वच्छ निघाल्यावर आबाजींनी सुतळी सोडून नळी मोरीत टाकली आणि गढूळ पाणी भसाभसा निघून गेलं.

"मोटीची कातडी सोंड वर धरली त पानी रायते, खाली सोडली त वायते. यात विलायती काय हाय? आन् भोक बुजवू नका. बोटभर वारा जाऊ द्या, नाईतर मोरीतलं घान पानी उलटं येईन."

पुढं कितीतरी वर्षं वडील ही युक्ती पाहुण्यांना आपली म्हणून दाखवत. आम्ही दाखवू दिली. त्या दुपारी हाकेची वाट पाहून काकू आपणच डोकावल्या, तर लुगडं दोरीवर वाळत होतं.

आबाजी शेवटचे आले तेव्हा अंगावरून वारं जाऊन त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मुलानं डॉक्टरकडे आणलं होतं. आईनं मळलेलं धोतर मागितलं तर देईनात. तिच्याकडून धुऊन घ्यायला त्यांना ओशाळं वाटत होतं.

"आबाजी, मी कुठं धुऊन राहिली? मोट धुऊन राहिली," आई म्हणाली.

ते हसले. धोतर धुऊन झालं तेव्हा न्हाणीत आले आणि डाव्या हातानं सुतळी स्वतः सोडली. पाणी संपेपर्यंत दोघं तिथंच उभे होते. मग आईनं ते धोतर एकटीनं लाटण्यांतून पिळून वाळत घातलं.

संक्रांतीआधी ते गेल्याचं कळलं. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी आईनं काकूंना हाक मारली. काकू आल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.