साखराअक्कानं ठेवलेलं कडू नाव

माझं नाव धोंडाबाई. माझ्या आधी मायची चार लेकरं गेली, म्हणून ह्या पाचव्या पोरीला धोंडा म्हणाले. धोंड्याला कोण उचलून नेतंय? आमच्याकडं असंच असतं. कुणी दगडू, कुणी केरबा, कुणी उकिरडा. मरणाला वाटावं, ह्यात काय घेण्यासारखं न्हाई, आन् त्यानं दारावरून पुढं जावं. बाप्तिस्मा घेतला म्हणून ही खोड सुटती व्हय? आमच्या उदगीरच्या मिशन कंपाउंडात ती कशी टिकली, ते साखराअक्काचं सांगितलं की कळंल.

साखराअक्का माझी शेजारीण. मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायची. तरुणपणी एका मडमेच्या घरी कामाला होती, तिथं तिनं शास्त्रातल्या, म्हंजे बायबलातल्या नावांचे अर्थ पाठ करून घेतले. ती नावं इब्री भाषेतली, यहुदी लोकांची. अक्का सांगायची, त्या लोकांत नाव उगंच ठेवत न्हाईत; आईबापावर जे बेतलं, तेच लेकराच्या नावात घालत्यात. राहेल म्हंजे मेंढी, दबोरा म्हंजे मधमाशी, योना म्हंजे पारवा. कुणाच्या घरी पाळणा हलला की अक्काला बोलावणं. देवळात पाद्रीसाहेब विचारायचे, "लेकराचं नाव काय?" अक्का बाळ हातावर घेऊन नाव सांगायची, अर्थ सांगायची, मगच त्याच्या डोक्यावर पाणी पडायचं. मिजास तर विचारू नका. माझ्या लेकाचं नाव मला राजा ठेवायचं होतं, तिनं त्याला एलियेजर करून टाकलं. 'देव माझा साह्यकर्ता' म्हणे. माझ्या सासूच्या जिभेवर ते नाव मरेस्तोवर बसलं न्हाई.

तिचा स्वतःचा एकच लेक, शमुवेल. 'देवानं ऐकलं' असा त्याचा अर्थ. सून शिवकांता, गरीब गायीवानी पोरगी. पहिला पोरगा झाला, अक्कानं त्याचं नाव ठेवलं नथनेल, देवानं दिलेला. वर्षाच्या आत तापानं गेला. मग पोरगी, हन्ना, म्हंजे कृपा. तिला जुलाबांनी नेलं. तिसरा इसहाक, हसतो तो. खरंच हसायचं बाई ते लेकरू, गालाला खळी पडायची. तेबी गेलं. त्यानंतर अक्का दुसऱ्यांच्या लेकरांची नावं सांगायची, पर अर्थ सांगताना तिचा आवाज खाली जायचा.

बहात्तरचा दुष्काळ आला तवा शिवकांता चौथ्यांदा पोटुशी होती. तशीच खडी फोडायला जायची. खायला परदेशातनं आलेल्या लाल मिलो जवारीची भाकर आन् कामावर वाटायचे ती सुकडी. अंगात रगत कुठून यावं? पोरगी झाली आन् सव्वा महिना व्हायच्या आत शिवकांता गेली. पोरगी हातभर. रडायचं म्हणलं तरी तिला जोर नव्हता.

तिच्या बाप्तिस्म्याला पाद्रीसाहेबांनी नाव विचारलं. अक्का म्हणली, "मारा."

"अर्थ?"

"कडू."

शमुवेल मान खाली घालून उभा. समद्यांना वाटलं, सून गेली त्याचा राग म्हातारी नातीवर काढती. मी बाहेर आल्या आल्या तिला गाठलं. म्हणलं, "अक्का, लाज हाय का तुला? बिनआईच्या लेकराला कडू म्हणतीस?"

तिनं मला विहिरीमागं नेलं. म्हणली, "धोंडा, तुझी माय शहाणी होती. म्या तीनदा गोड नावं ठेवली आन् तीनदा माती लोटली. हे कडू हाय. मरण तोंडात घालंल आन् थुकून देईल. पर त्याला फसवलंय हे बोललं, की त्याला कळलंच म्हणून समज. माझ्या जिवात जीव हाय तोवर कुणाला सांगायचं न्हाई. पोरीला तर मुळीच न्हाई." आन् माझा हात धरून तिनं पोरीच्या टाळूवर ठेवला. टाळू नुसती उडत होती. अशी शपथ मोडायची माझी काय छाती?

पोरगी जगली. अक्कानं तिला शेळीच्या दुधाच्या बोळ्यावर वाढवलं, पाठीला बांधून दवाखाना झाडला. हगणं-मुतणं, गोवर, कांजिण्या, सगळं त्या म्हातारीनं काढलं. आजीबिगर पोरगी घास गिळायची न्हाई.

तिच्या नावाचा अर्थ तिच्यासमोर कुणी काढत नव्हतं. दहाएक वर्षांची झाली तवा रविवारच्या शाळेला सोलापूरकडची नवी बाई आली. हौशी होती. तिनं एकेका पोराला उभं करून त्याच्या नावाचा अर्थ सांगितला. हिची पाळी आल्यावर बाई जरा अडखळली, पर सांगून बसली. झालं, पोरं चिडवायला लागली. पोरगी पळत घरी आली. अक्का भाकरी करत होती, मी उंबऱ्यात बसलेली.

"आजी, माझं नाव कुणी ठेवलं?"

"म्या."

"आई माझ्यापायी मेली, म्हणून?"

अक्काचा हात परातीत थांबला. तिनं भाकर उलटली आन् म्हणली, "हातपाय धू. जेवायला बस."

मला असा संताप आला म्हणून सांगू, वाटलं, चुलीवरचा तवा उचलून फेकावा. पर शपथ आडवी आली. त्या दिवसापासून पोरगी अक्काशी कामापुरतं बोलायला लागली.

त्याच साली लातूर जिल्हा झाला. शमुवेलला तिथं नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. दुसरं लग्न केलेलंच होतं. पोरगी म्हणली, मीबी जाते. अक्कानं एक शब्द सांगितला असता तर ती राहिली असती. अक्कानं तिचे कपडे घडी घालून दिले. लातूरच्या शाळेत पोरीनं आपलं नाव नामी लावून घेतलं. नामी म्हंजे गोड. तो निरोप आला तवा अक्का दारातच मटकन बसली. म्हणली, "मरणापुढं उघडं पडलं लेकरू."

दिवसभर तिनं पाणी घेतलं न्हाई. पुढं वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. पोरीला काही झालं न्हाई. शेवटी मीच म्हणलं, "अक्का, गोड नाव घेऊन नात चांगली ठणठणीत हाय. आता कशाला भितीस? चल, सांगून टाक." कसंबसं तयार केलं आन् एसटीनं लातूरला नेलं.

पोरगी बापासारखी उंच झालेली. पाहुण्याला करावा तसा चहा केला. कपबश्या ठेवल्या आन् तिनंच विषय काढला. "आजी, आता तरी सांग. माझा एवढा राग का होता तुला?"

अक्कानं तोंड उघडलं. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे. तेवढ्यात पोरगी खोकली. साधा खोकला, चहाचा ठसका लागावा तसा. अक्काचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"अंगावर काहीतरी घेत जा," म्हणली आन् उठली. येताना गाडीत ती खिडकीकडं तोंड करून उदगीर येईस्तोवर रडत होती.

पुढल्या उन्हाळ्यात अक्का गेली. शमुवेल पोरीला घेऊन आला. तिनं मूठभर माती टाकली, डोळ्याला पाणी न्हाई. लोक पांगले तसं मी तिचं मनगट धरून कबरस्थानाच्या कुंपणाकडं नेलं. तिथं तीन लहान ढिगारे हायेत, वर नुसते दगड.

"हे कोण?" तिनं विचारलं.

"तुझी भावंडं. हा नथनेल, देवानं दिलेला. ही हन्ना, कृपा. हा इसहाक, हसतो तो. नावं तुझ्या आजीनंच ठेवलेली." मग मी सगळं सांगितलं. विहिरीमागचं, शपथेचं, लातूरच्या खोकल्याचंसुद्धा.

तिनं वाकून एकेका दगडावरची धूळ पुसली. मग म्हणली, "मावशी, मला रोज वाटायचं, मी कुणालाच नको होते. ती एकदा जरी बोलली असती, तर मी मेले असते तरी मला चाललं असतं."

"तुला चाललं असतं गं," मी म्हणलं. "तिला चाललं नसतं."

तवा ती मातीतच खाली बसली आन् आजीच्या नावानं रडायला लागली.