सोजराबाईचा न उघडलेला फोन

कळमनुरीत कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, हे पोरीच्या बापाआधी सोजराबाईला ठाऊक. वीस वर्षं झाली, बाई लग्नं जुळवून राहिली. दिवसाला साठ फोन, आठवड्याला पाच गावं. पायाला नुसती भिंगरी. पण कुणाची सोयरीक कशानं मोडली, ते तिच्या पोटातून निघायचं नाही. गल्लीनं चहा पाजपाजून पाहिलं. चहा संपला, बातमी काही मिळाली नाही.

गेल्या महिन्यात चार गावांत लग्नघरं फुटली, दागिने गेले. पोलिसांच्या कॉम्प्युटरनं मोबाइल टॉवरवरचे लाखभर नंबर चाळले आणि चारही गावांत चोरीआधी फिरलेला एक नंबर काढला. सोजराबाईचा!

शिपाई भीमराजनं तिला ठाण्यात नेलं. त्याचंही लग्न तिनंच जमवलेलं. बिचारा मान वर करेना.

"मावशी, फोन उघडून द्या. साहेब बघतील, की मोकळ्या."

"माहं काय ते मला इचार, बापा. फोनात समद्या लोकाच्या पोरी हायेत."

"न्हाई दिला तर शक वाढंल."

"त्या गावांत तुमचे फोन न्हवते व्हय?"

"व्हते की, बंदोबस्ताला. पण आमचे नंबर यादीतून काढले."

"कोणी? कॉम्प्युटरनं?"

"न्हाई... साहेबांनी."

"मंग माह्या नंबरापुढंबी लिव्हा, लग्न जुळवायला गेलती म्हणून."

भीमराजनं डोकं खाजवलं. "कुठं अन् कधी, एवढंच त्यात भरता येतं. कशाला गेलती, त्याला रकानाच न्हाई."

सोजराबाई बाकावर बसून राहिली. फोनात डोंगरकडा गावच्या आकांक्षाच्या आईचा रडवेला निरोप होता: पोरीचं दोनदा मोडलं, बाहेर कळू देऊ नका. फोन द्यावा तर त्या लेकराची अब्रू जाते. न द्यावा तर, ठाण्यात बसलेल्या बाईला उंबऱ्यात कोण घेणार?

तिनं फोन दिला नाही. दिवस मावळायच्या आत साहेबांनी घरी सोडलं, नाव मात्र यादीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती डोंगरकड्याला गेली आणि आकांक्षाच्या दारातच थबकली.

"बाई, माहं नाव पोलिसाच्या यादीत हाय. दुसऱ्याकडून कळायच्या आधी मीच सांगून राहिले."

आकांक्षाची आई पांढरीफटक पडली. "फोन दिला का त्यांला?"

"न्हाई."

"मंग उनात काहून उभ्या? आत या, च्या टाकते."