आधी माझे हजार चंद्र

गिरणीवाल्या काकूंचा आवाज मुळातच मोठा. जन्म पट्ट्याच्या खडखडाटात दळणं दळण्यात गेला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. त्या दिवशी त्या जे बोलल्या, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

काकांना एक्क्याऐंशीवं लागलं होतं. माणसाने हजार पौर्णिमेचे चंद्र पाहिले की त्याची सहस्रचंद्रदर्शन शांत करतात. तीच ठरवायला गुरुजी आले होते.

"त्यांची नंतर," काकू म्हणाल्या. "आधी माझी. मी यांच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे."



लग्न जुळवताना नवरी लहान हवी, म्हणून काकूंच्या वडिलांनी वय खाली उतरवलं होतं. ते जन्मभर तसंच राहिलं. काकूंनी गिरणीची मोटर बदलायचं काढलं, मुलीला पुढे शिकवायचं काढलं, की काकांचं ठरलेलं, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." आणि काकू ओठ आवळून पुढचं दळण ओतायच्या.

"म्हणजे इतकी वर्षं मला फसवलंस?" काकांना धड रागावताही येईना.

"फसवलं माझ्या वडिलांनी. मी फक्त गप्प बसले. आता नाही बसायची."

मुलाने तडजोड सुचवली. "आई, दोघांची एकाच दिवशी करू ना."

"एका दिवशी म्हणजे त्यांचीच रे! मला शेजारी बसवाल, त्यांच्या हाताला हात लाव म्हणाल, की झालं. दळायचं मी आणि पाटीवर नाव त्यांचं, हे पुरे झालं. या पौर्णिमेला माझी, पुढच्या पौर्णिमेला त्यांची."

त्या पौर्णिमेला सकाळी काका गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसले. उठायचं नावच घेईनात.

"जोडीने बसतात, काकू," गुरुजी चाचरले.

"गिरणी एकटीने चालवली, पाटावर बसायला काय धाड भरलीय? संकल्प सांगा. आणि माझं नाव जरा मोठ्याने घ्या."

गुरुजींनी घसा खाकरून नाव घेतलं. पहिली पळी ताम्हनात पडली, तेव्हा काका आत आले आणि शेजारच्या पाटावर टेकले.

"कुठे लावायचा हात?" ते पुटपुटले.

"माझ्या हाताला."

काकांनी एक बोट टेकवलं.

"नीट लावा. पुढच्या महिन्यात मलाही लावायचाय."

सगळे हसले, काका हसले नाहीत. पण बोटाच्या जागी पंजा आला. कलशाचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा काकू ताठ बसून होत्या, पदराने तोंडही पुसलं नाही.

दुपारी शेजारी नमस्काराला आले आणि सवयीने काकांच्या पायाशी वाकले. काकांनी पाय मागे घेतले.

"इथे काय वाकताय?" ते खेकसले. "वडीलधारी तिकडे बसलीय!"