पुढच्या खुर्चीतला पाहुणा

एप्रिल १९९१, रविवारची सकाळ. हातातलं काम : उपासनेला येणाऱ्यांना जागेवर बसवणं. हे काम दिसतं सोपं. त्यात मी एकाच वर्षात दोनदा नापास झाले.

तेव्हा आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जेसल पार्कातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. दारात मी उभी असे. फेब्रुवारीत रबरी चप्पल घातलेला, हातात कापडी पिशवी घेतलेला एक माणूस आला. मी त्याला मागचे बाक लावायला सांगितलं. त्याने लावले, अगदी सरळ रेषेत. मग पुढे जाऊन प्रवचनही त्यानेच केलं, कारण नगरहून आलेले पाहुणे पाळक तेच होते. विषय बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला : सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणारे लोक. ते एकदाही माझ्याकडे न बघता बोलले. त्यामुळे बाकी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझा नवरा मंडळीच्या पंचांपैकी एक. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, की पुढच्या वेळी कपडे बघू नकोस. मी सरळ बाई आहे. सांगितलं ते पक्कं लक्षात ठेवलं.

एप्रिलच्या त्या रविवारीही प्रवचनाला नवीन पाहुणे येणार होते. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिलं गीत सुरू झालं आणि एक कडक सूटवाले गृहस्थ दारात आले. काही बोलणार, तोच मी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. (तिथे पंखा नाही. सूटबूट बघून भुलायचं नाही, हे ठरलं होतं.) त्यांच्या मागोमाग दुसरा माणूस आला. खांद्यावर मळका टॉवेल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि ओली. ओली पँट! मला थेट शिष्यांचे पाय धुणारा प्रभूच आठवला. म्हटलं, हेच ते.

"बहनजी, एक बात," तो म्हणाला.

"बात बाद में. पहले बैठिए."

त्याला हाताला धरून नेलं आणि प्रवचनाच्या पुलपिटाशेजारच्या खुर्चीत, मंडळीकडे तोंड करून बसवलं. हातात गीतपुस्तक दिलं. तो दोनदा उठला. दोन्ही वेळा मी हात जोडून त्याला खाली बसवलं. केवढा संकोच, केवढी नम्रता, असं मी शेजारच्या बाईला सांगितलंही. मग नवऱ्याने प्रार्थना सुरू केली. आमच्या घरात कमी बोलणारा हा माणूस प्रार्थनेत वीस मिनिटांच्या खाली येत नाही.

आमेन झालं. नवरा म्हणाला, आता पाहुणे आपल्याला दोन शब्द सांगतील.

पाहुणे उठले. "साहब, मैं कब से बोल रहा हूँ. पानी का टैंकर खड़ा है. टंकी की चाबी किस मॅडम के पास है?"

चावी माझ्या पर्समध्ये होती. आमच्या बिल्डिंगमध्ये चोवीस घरं, नळाला पाणी चार दिवसांआड. मधल्या दिवसांत टँकर, आणि टाकीच्या कुलपाची पाळी त्या आठवड्यात आमची. टँकर यायचा बाराला. तो आला दहाला, आणि वॉचमनने ड्रायव्हरला चर्चवाल्या मॅडमकडे पाठवलं होतं.

मी आणि ड्रायव्हर पळत गेलो. तोवर टँकर रिकामा झाला होता. शेजारच्या सोसायटीने क्लीनरला चहा पाजून पाइप आपल्या टाकीत सोडला होता. दुसरी फेरी थेट बुधवारी, असं ड्रायव्हरने सांगितलं. मागे हॉलमध्ये सूटवाल्यांनी प्रवचन केलं म्हणे. कशावर, ते मी नवऱ्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

संध्याकाळी सोसायटीची मिटिंग. सेक्रेटरी शाहभाई भला माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही.

"भाभी, चावी तुमच्याकडे, ड्रायव्हर पण तुमच्याकडे. फक्त पाणी आमच्याकडे नाय आलं."

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की त्यांच्याकडे गोळी घेण्यापुरतं पाणी आहे, जेवण्यापुरतं नाही. मीच सांगून टाकलं, की बुधवारपर्यंत घरटी एक कळशी मी पोचवीन. नवऱ्याला त्याच वेळी ऑफिसची फार कामं आठवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोडदेव गावातल्या विहिरीवर होते. विटका गाऊन, कमरेला ओढणी, डोक्याला पंचा. सहाव्या खेपेला तिथल्या एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवीन दिसतंस, बाय. कोनाच्या घरी कामाला हायस?"

कपड्यांवरून माणूस ओळखू नये, हे तिला समजावून सांगायचा मला चांगला अधिकार होता. पण ती चुकली कुठे होती?

"चोवीस घरी," मी म्हटलं आणि कळशी उचलली.