काटेकाका आणि माझ्या कॅलऱ्या

काटेकाका पहिल्या दिवशी जिममध्ये आले ते पिशवीत टॉवेलाऐवजी ताणकाटा घेऊन. व्यायामाआधी त्यांनी लोखंडी प्लेटा एकेक करून त्याच्या हुकाला लटकवल्या आणि वीस किलोच्या एका प्लेटवर खडूनं लिहिलं, 'साडेअठरा'. मालक नारायण हबकलाच. तो पनवेलजवळच्या गावातला आगरी गडी. "काका, वीस छापलंय त्याच्यावर! आनी काय पायजे तुमाला?"

"छापलेलं वजन आणि असलेलं वजन," काका शांतपणे म्हणाले, "यांच्यातल्या फरकावरच माझी अख्खी नोकरी झाली."

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. बाजारातले जुने दुकानदार अजूनही ते समोरून आले की नकळत तराजूचं पारडं नीट करत. काटेकाका हे नाव आम्ही जिमवाल्यांनी ठेवलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. नारायण आठवडाभर रुसला, मग गुपचूप सगळ्या प्लेटा त्यांच्याकडूनच तोलून घेतल्या.

मी तेव्हा पस्तिशीची, पतपेढीत नोकरीला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि मी मनगटावर कॅलऱ्या मोजणारा पट्टा बांधला होता. ते पट्टे तेव्हा नवे नवे आले होते. रोज चारशे कॅलऱ्या जळायलाच हव्यात, नाही जळल्या तर रात्रीचं जेवण बंद, असा माझा नेम. पण वजनं उचलायच्या दिवशी पट्ट्यावरचा आकडा हलायचाच नाही. पायांनी वजन ढकलून ढकलून घाम निथळायचा आणि पट्टा म्हणायचा, साठ! मग मी वजनं सोडून ट्रेडमिलवर पळत सुटायची.

काकांनी हे चार दिवस पाहिलं आणि पट्टा एका दिवसासाठी मागून नेला. दुसऱ्या सकाळी गंभीर चेहऱ्यानं परत दिला. "काल खुर्चीत बसून ताक घुसळलं. तुमच्या पट्ट्याच्या मते मी पनवेलहून शिरढोणला चालत जाऊन आलो."

मी हसले. ते हसले नाहीत. "यंत्र लबाड नाही, ताई. ते हात हलताना बघतं, आणि तुम्ही ढकलताय पायांनी. लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोनं तोलायला गेलात, तर दोष काट्याचा?"

पटलं, पण वळलं नाही. आकड्याची सवय वाईट असते. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी खांद्यावर बार घेऊन खाली बसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. काका मागेच उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी बार धरला, नारायणला हाक मारली, आणि दोघांनी मला भिंतीला टेकवून बसवलं.

"रात्री काय जेवलात?"

"काकडी."

काकांना रागावलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. "मोजायचंच असेल तर एवढंच मोजा, गेल्या महिन्यात जे उचलत नव्हतं ते आज उचलतंय का. उपाशी माणूस काय डोंबल उचलणार? चला घरी, आधी खाऊन घ्या."

घर बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. आत पलंगावर काकू होत्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेलेली. मला ठाऊकच नव्हतं. काकांनी हात धुतले, पलंगापाशी गुडघे वाकवले, पाठ ताठ ठेवली, काकूंना कवेत घेतलं आणि एका श्वासात उचलून खुर्चीत बसवलं. जिममध्ये रोज ते जमिनीवरून बार उचलत, तस्संच. साठीनंतर हा माणूस व्यायामाला का लागला, ते मला त्या क्षणी कळलं.

"आधी... शेजाऱ्यांना बोलवायचे," काकू अडखळत म्हणाल्या. "मला... लाज वाटायची."

पोहे खाताना मी विचारलं, "काका, काकूंना उचलताना किती कॅलऱ्या जळत असतील?"

ते जरा गोंधळले. "ते कधी मोजलं नाही बुवा," म्हणाले.

त्या दिवसापासून वजनांच्या दिवशी मी पट्टा घरी ठेवू लागले आणि पोटभर जेवू लागले. वजन उतरलं, पण सावकाश. त्याआधी गॅसचा भरलेला सिलिंडर एकटीनं सरकवता यायला लागला, आणि त्याचा आनंद मोठा होता.

दोनेक वर्षांनी मुलीनं दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. नारायण आणि मी निरोप द्यायला गेलो. दारात गाडी उभी, शेजारी काकूंची चाकाची खुर्ची. काका नेहमीसारखे गुडघ्यांत वाकले.

"थांबा," काकू म्हणाल्या.

डाव्या हातानं त्यांनी गाडीचं दार धरलं. एकदा उठल्या, परत बसल्या. दुसऱ्यांदा उठल्या आणि थरथरत उभ्या राहिल्या. काका दोन्ही हात पसरून शेजारी उभे होते, पण त्यांनी स्पर्श केला नाही. काकू वळल्या, सीटवर बसल्या आणि विजयी नजरेनं नवऱ्याकडे बघू लागल्या.

काकांनी त्यांचा पदर आत सारला, दार लावलं आणि गाडीच्या मागे गेले. लावलेली डिकी पुन्हा उघडली आणि पाठमोरे उभे राहून कितीतरी वेळ आतल्या पिशव्या इकडच्या तिकडे करत राहिले.

"काका, मी लावतो," म्हणत नारायण निघाला. मी त्याचा हात धरला आणि त्याला थांबवलं.