अब्बांनी तपासलेला पॅच

माझ्या जुन्या लॅपटॉपला एक खोड होती. झाकण मिटून पुन्हा उघडलं की त्याचा टचपॅड मेलेला असायचा. बोट कितीही फिरवा, पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही. कंपनीचं काम मी चौलच्या घरूनच करते, पण हा लॅपटॉप माझा स्वतःचा, आणि त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी यंत्रणा होती. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्ती सुचवावी.

एका रविवारी मी तो वाचायला बसले आणि दुखणं सापडलं. लॅपटॉप जागा झाला की टचपॅडला शुद्धीवर यायला जरा वेळ लागतो, आणि कर्नल त्याआधीच हाक मारून मोकळा होतो. मी मध्ये एक छोटासा विराम टाकला. टचपॅड जिवंत! त्या आनंदात मी ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, तडक ईमेलने पाठवून दिली.

उत्तर कर्नलच्या त्या भागाची देखभाल करणाऱ्या परदेशी गृहस्थांचं आलं. आधी जमलेली कामं मुख्य कर्नलमध्ये चढवायचा पंधरवडा सध्या चालू आहे, नवं काही घेत नाही, संपल्यावर पाठवा. विराम एवढाच का, हे कशावरून ठरवलंत? आणि तुमच्याशिवाय हे कुणी तपासलंय का?

विराम मी पोह्यात मीठ टाकावं तसा टाकला होता, अंदाजाने. राहिला तपासणारा. चौलात तो कुठून आणायचा?

जेवताना मी हे बोलले. अब्बा आखातात एका बंदरावर क्रेनची तपासणी करायचे. निवृत्त होऊन आल्यापासून गॅसची नळी, पंपाची वायर, अम्मीच्या डब्यांची झाकणं, काही म्हणून त्यांनी तपासायचं सोडलं नव्हतं.

“मासेमारी बंदीच्या दिवसांत होडी काढलीस तू,” ते म्हणाले. “थांब आता. आणि तपासायला माणूस कशाला शोधतेस? मी हाय की.”

लॅपटॉप बैठकीच्या खोलीत गेला. अब्बा चष्मा लावायचे, बिस्मिल्ला म्हणून झाकण मिटायचे, निवांत चहा प्यायचे, मग उघडून बोट फिरवायचे आणि आतल्या खोलीत मला ऐकू जाईल असं ओरडायचे, “पास!” नमाजला जाताना मिटायचे, आल्यावर उघडायचे. “पास!” अम्मीला तिची मालिका ऐकू येईना.

तिनेच वैतागून फुफूला, म्हणजे अब्बांच्या मोठ्या बहिणीला, फोनवर सांगितलं की पोरगी कर्नलला कसलेसे पॅच पाठवतेय, ते घेत नाहीत आणि तिकडून पंधरवडा थांबायचा निरोप आलाय. दुपारी फुफू येऊन थडकली.

“फौजेतला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाय,” बसता बसता ती अब्बांना म्हणाली. “पण आपल्यातला हाय का? आणि पंधरवडा कशाला पाहिजे त्याला?”

“कोण फौजेतला?”

“कर्नल! तुझी पोरगी त्याला पॅच पाठवते. भरतकामाचे असतील. आणि तो घेत नाय! पोरीने किती खाली वाकायचं?”

मी हसू दाबत दारात उभी होते. अब्बांना मात्र राग आला.

“आपा, कर्नल माणूस नाय! तो याच्या आत असतो!” त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. “हे बघ. मिटला की झोपतो...” झाकण धाडकन मिटलं. “उघडला की उठतो!” आणि लगोलग उघडून त्यांनी बोट फिरवलं.

बाण हलला नाही.

“नाय उठला,” फुफू म्हणाली.

अब्बांनी पुन्हा बोट फिरवलं. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले आणि क्रेन बंद करायचा हुकूम द्यावा तसे म्हणाले, “फेल.”

लॅपटॉप पुरता झोपायच्या आत उठवला की टचपॅड जास्तच गोंधळायचा आणि माझा अंदाजाचा विराम त्याला पुरायचा नाही. चहा-नमाजच्या संथ तपासणीत हे कधीच दिसलं नसतं. मी विराम काढून टाकला. आता कर्नल टचपॅडलाच विचारतो, झालास का तयार? नाही म्हणाला तर थोडं थांबून पुन्हा विचारतो. पुढचे काही दिवस अब्बांनी फुफूला मुद्दाम चहाला बोलावलं. धाडकन मिटायचं काम तिच्याकडे, कारण तिच्या हाताला जोर होता.

पंधरवडा सरल्यावर मी नवा पॅच पाठवला. तपासणाऱ्याचं नाव खाली लिहायची पद्धत असते. अब्बांना नावाआधी हाजी आणि नावानंतर चौल हवं होतं. हाजी ठेवलं, चौल गाळलं. फुफूने, फौजेच्या कागदावर माझं नाव नको, असं बजावलं.

पॅच घेतला गेला. त्या गृहस्थांनी आम्हा दोघांचे आभार मानले. अब्बांनी लगेच उत्तर सांगायला सुरुवात केली: आमच्याकडे हवा छान आहे, वाडीत नारळ भरपूर आहेत, एकदा या.

“अब्बा, तिथलं सगळं जग वाचतं, असलं लिहीत नाहीत.”

“का? आभार मानलेले चालतात, या म्हटलेलं नाय चालत?”

शेवटी मी ते त्या गृहस्थांना एकट्यांनाच वेगळं पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, इकडे गुडघाभर बर्फ आहे, नारळांचा हेवा वाटतो.

मी वाचून दाखवलं.

“बर्फात बसून लोकांचे टचपॅड बघतो बिचारा,” अब्बा म्हणाले आणि नारळ कुरियरने तिकडे जातात का, ते विचारायला शेजारच्या रेवदंड्याला निघाले.